पाटीवरची जात, ताटातली जात

घरातला पहिला पदवीधर नोकरीला लागतो. दोन-तीन वर्षांनी हप्त्यावर गाडी येते. मग चार मित्रमैत्रिणी मिळून किनाऱ्याकिनाऱ्याने कोकण, गोवा, जमलंच तर केरळपर्यंत जायचा बेत आखतात. बेत ठरला की पहिला प्रश्न येतो: वाटेत जेवायचं कुठे? या प्रश्नावर मराठीत भरपूर लिहिलं जातं. कुठली सोलकढी दाट, कुठलं सुरमईचं ताट मोठं, कुठल्या आजींचे मोदक मऊ. ज्या पाटीखालून आपण आत शिरतो तिच्यावर काय लिहिलंय आणि ते आपल्याला काय सांगतं, याबद्दल मात्र त्या लिखाणात एक ओळ नसते.

दापोली, मुरुड, गुहागर, दिवेआगर, हरिहरेश्वर. या पट्ट्यात एकदा तरी फिरलेल्या माणसाने ही पाटी पाहिलेली असते: ‘घरगुती ब्राह्मणी पद्धतीचे जेवण मिळेल’. पुढे घाट चढून देशावर गेलात की ‘मराठा खानावळ’ भेटते. दोन्ही पाट्या इतक्या सरावाच्या झाल्यात की त्यांत काही खटकतंय असं म्हटलं तर समोरचा आपल्याकडेच विचित्र नजरेने बघतो. ‘अहो, ती चव आहे, जात नाही,’ असं समजावून सांगतो.

ठीक आहे, चव असेल. मग याच रस्त्यावर ‘घरगुती महारी पद्धतीचे जेवण’ अशी पाटी कुठे आहे? ‘चांभारवाड्यातलं सुकं मटण’ कुठे आहे? ‘कातकरी पद्धतीची चिंबोरी’ कुठल्या फळ्यावर लिहिलीय? चव तर त्या घरांतही आहे. खाडीतली कालवं, खेकडे, मुळे, सुकटीची चटणी, पावसाळ्यातल्या रानभाज्या या गोष्टी ज्यांनी पिढ्यानपिढ्या वेचल्या, सोलल्या, शिजवल्या, त्यांच्या जातीचं नाव पाटीवर का येत नाही? उत्तर आपल्याला ठाऊक आहे. वरच्या जातीचं नाव लिहिलं की गिऱ्हाईक वाढतं, खालच्या जातीचं लिहिलं की गिऱ्हाईक पळतं. म्हणून आपला माणूस हॉटेल काढतो तेव्हा पाटीवर एखाद्या देवाचं, मुलीचं, नाहीतर गावाचं नाव घालतो आणि आडनाव गाळतो. एका जातीची जाहिरात होते आणि दुसरीला लपावं लागतं, तिथे विषय चवीचा राहत नाही. तो बाजाराचा आणि सत्तेचा होतो.

कांदा-लसूण नसलेलं जेवण विकायचं असेल तर ‘कांदा-लसूण नसलेलं जेवण’ असं लिहिता येतं. त्यात गिऱ्हाइकाला हवी ती सगळी माहिती येते. ‘ब्राह्मणी’ या शब्दाने पदार्थाबद्दल जास्त काहीच कळत नाही. कळतं ते एवढंच की चुलीजवळ कोण उभं आहे आणि कोण उभं नाही.

ही ओरड नवी नाही. 1957 साली मद्रासच्या तिरुवल्लिकेणी भागात मुरली कॅफे नावाच्या हॉटेलाच्या पाटीवर ‘ब्राह्मण’ असा शब्द होता. पेरियार ई. व्ही. रामसामी यांच्या द्रविडर कळघमने त्या शब्दाविरुद्ध हॉटेलासमोर निदर्शनं सुरू केली. कार्यकर्ते रोज जायचे, रोज अटक व्हायची, दुसऱ्या दिवशी नवे कार्यकर्ते यायचे. असं काही महिने चाललं आणि शेवटी पाटी बदलली. पेरियारांचं म्हणणं सरळ होतं: एकाने स्वतःला जाहीरपणे ब्राह्मण म्हणवून घेतलं की बाकीच्यांना आपोआप शूद्र ठरवलं जातं. त्या गोष्टीला आता जवळपास सत्तर वर्षं होत आली. महाराष्ट्रात फुले झाले, शाहू झाले, बाबासाहेब झाले, आणि आपल्या किनाऱ्यावर ती पाटी अजून रंगवून घेतली जाते.

दुसरा शब्द ‘शुद्ध शाकाहारी’. कुणी काय खावं हा ज्याचा त्याचा प्रश्न, त्यात वाद नाही. आपल्यातही वारकरी आहेत, माळकरी आहेत. पण ‘शाकाहारी’ एवढं पुरत असताना ‘शुद्ध’ कशाला? शुद्ध म्हटलं की समोर अशुद्ध उभं राहतं. 2014 च्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीत देशातल्या 15 वर्षांवरच्या सुमारे 71 टक्के लोकांनी आपण मांसाहारी असल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात हे प्रमाण 60 टक्क्यांच्या आसपास, केरळात 97 टक्क्यांच्या घरात. म्हणजे ज्या किनाऱ्यावर बहुसंख्य लोक मासे खाऊन जगतात, त्यांच्याच गावात त्यांचं रोजचं अन्न एका शब्दाने अशुद्ध ठरवलं जातं, आणि तो शब्द आपण न अडखळता वाचून पुढे जातो.

हा शब्द हॉटेलात थांबत नाही. 2023 मध्ये मुंबईच्या आयआयटीत एका वसतिगृहाच्या मेसमध्ये सहा टेबलं फक्त शाकाहाऱ्यांसाठी राखून ठेवली गेली. काही विद्यार्थ्यांनी त्या टेबलांवर मांसाहारी जेवण घेऊन बसून निषेध केला, तर 10,000 रुपये दंडाचा निर्णय झाला. 2024 च्या मार्चमध्ये झोमॅटोने शाकाहारी जेवण पोचवणाऱ्यांसाठी वेगळा ताफा आणि वेगळा हिरवा गणवेश जाहीर केला. गदारोळ झाल्यावर दुसऱ्या दिवशी गणवेश मागे घेतला. वेगळं टेबल, वेगळा गणवेश, वेगळं भांडं. आपल्या आजोबांना ही यादी पाठ होती.

त्याच वर्षी जुलैत उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या रस्त्यावरच्या हॉटेलवाल्यांना मालकाचं नाव लावायला सांगण्यात आलं. 22 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली: काय पदार्थ मिळतात ते सांगा, मालक-कामगारांचं नाव लावायची सक्ती नको. या आदेशाने मुसलमान आणि दलित दुकानदारांचं काय झालं असतं ते सांगायला नको. पण कोकणातली पाटी आणि कावड मार्गावरची पाटी एकाच तर्कावर चालतात. अन्नाची परीक्षा शिजवणाऱ्याच्या जन्मावरून करायची. एका ठिकाणी नाव स्वखुशीने मिरवलं जातं, दुसऱ्या ठिकाणी ते जबरदस्तीने उघडं केलं जातं.

‘आता कोण जात विचारतं? पैसे टाका, जेवा,’ असं म्हणणारे आपल्यातही बरेच आहेत. रस्त्यावरच्या ढाब्यात हे बरंचसं खरं आहे. घरगुती निवासाचं तसं नाही. खोली मिळवण्यासाठी फोन केला की पलीकडून आधी नाव विचारतात, मग ‘पूर्ण नाव?’, मग ‘मूळचे कुठले आपण?’. मला एकदा आडनाव सांगितल्यावर ‘बघून कळवते’ असं उत्तर मिळालं. कळवलं कुणी नाही. तासाभराने माझ्या एका मैत्रिणीने, जिचं आडनाव कुठेही अडत नाही, त्याच तारखेसाठी फोन केला, तर खोली रिकामी होती. हे कुठल्या कोर्टात सिद्ध होणार नाही, कारण कुणी ‘नाही’ म्हटलेलंच नसतं. आजची अस्पृश्यता बरीचशी अशीच चालते, मऊ आवाजात.

अमेरिकेत हॉटेलवाले मऊ आवाजात बोलत नसत, सरळ हाकलून देत. म्हणून न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या व्हिक्टर ग्रीन नावाच्या टपाल कर्मचाऱ्याने 1936 पासून एक छोटं पुस्तक काढायला सुरुवात केली. गाडी घेऊन निघालेल्या काळ्या माणसाला कुठल्या गावात जेवण मिळेल, कुठे मुक्काम करता येईल, कुठे पेट्रोल भरता येईल याची ती यादी होती. 1964 च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलांतला वर्णभेद बेकायदा ठरवला आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत ते पुस्तक बंद झालं. आपल्याकडे असं पुस्तक निघालं नाही. आपल्या लोकांनी त्यावर वेगळी तोड काढली होती: भाकरी बांधून न्यायची.

आपले आईबाप एसटीच्या प्रवासात चटणी-भाकरी फडक्यात का बांधून नेत, याचं उत्तर आपण ‘गरिबी’ असं देतो. ते अर्धं उत्तर आहे. बाबासाहेबांनी 1901 सालच्या आपल्या प्रवासाची हकीकत लिहून ठेवली आहे. लहान भिवा, मोठा भाऊ आणि भाचे मसूर स्टेशनवर उतरले, वडिलांकडे गोरेगावला जायला. जात कळल्यावर गाडीवान मिळेना. दुप्पट भाड्यावर एकजण तयार झाला तो या अटीवर की बैल मुलांनी हाकायचे आणि तो शेजारून चालणार. मुलांजवळ जेवणाचा डबा भरलेला होता. रात्र झाली तरी ती जेवू शकली नाहीत, कारण वाटेत कुणी पाणी देईना. डबा भरलेला आणि पोट रिकामं. भाकरी बांधून नेली तरी पाणी बांधून कुठवर नेणार?

पाण्याची ही गोष्ट ज्या गावात वळण घेते ते गाव आपल्या रस्त्यावरच आहे. पनवेलहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग 66 सुमारे 1,600 किलोमीटर कापून कन्याकुमारीला पोचतो. त्यावर महाड लागतं. बहुतेक गाड्या तिथे चहाला थांबतात आणि पुढे जातात. मार्च 1927 च्या परिषदेसाठी पिण्याचं पाणी 40 रुपये मोजून विकत घ्यावं लागलं होतं. तळं गावात होतं, नगरपालिकेने 1924 मध्येच ते सर्वांना खुलं केल्याचा ठराव होता, तरी विकत. 20 मार्चला बाबासाहेबांनी आणि हजारो लोकांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. त्यानंतर अस्पृश्य आता देवळात शिरणार अशी अफवा उठवून सवर्णांचा जमाव मंडपावर चालून आला. त्या वेळी काही लोक जेवत होते. जमावाने माणसांना मारलं आणि अन्न मातीत मिसळलं. हा तपशील आपण भाषणात फार कमी वेळा सांगतो. पाण्याचा राग त्यांनी ताटावर काढला. तळं पुढे शेण, गोमूत्र, दही-दुधाने ‘शुद्ध’ करून घेतलं गेलं. ‘शुद्ध’ हा शब्द हॉटेलच्या पाटीवर दिसला की मला हे शुद्धीकरण आठवतं. तळ्याचा खटला मुंबई उच्च न्यायालयात आपल्या बाजूने लागायला 1937 साल उजाडलं.

म्हणून वाटेत कुठे थांबायचं ही यादी आपण आपली करायला हवी. महाडनंतर गोवा ओलांडून कर्नाटकात शिरलात की उडुपी येतं. या गावाच्या नावाने देशभर हॉटेलं चालतात. त्याच गावच्या कृष्ण मठात ब्राह्मणांची पंगत वेगळी बसते, यावर कर्नाटकात अनेक वर्षं आंदोलनं झाली. ऑक्टोबर 2016 मध्ये, उनाच्या मारहाणीनंतर, दलित आणि पुरोगामी संघटनांनी बंगळुरूहून ‘चलो उडुपी’ जथा काढला. आमचं अन्न आम्ही निवडू आणि जमीन आमचा हक्क आहे, ही त्यांची घोषणा होती. अन्न आणि जमीन एका घोषणेत का, ते पुढे पाहू.

उडुपीपुढे मंगळुरूत कुद्रोळीचं मंदिर आहे. देवळात येऊ न दिलेल्या बिल्लव समाजासाठी नारायण गुरूंच्या हातून 1912 मध्ये उभं राहिलेलं. आणखी खाली कोचीच्या अलीकडे चेराई. आज लोक तिथे समुद्रकिनाऱ्यासाठी जातात. 1917 च्या मे महिन्यात याच चेराईत सहोदरन अय्यप्पन यांनी पुलया मुलांसोबत मिश्रभोजन केलं. अय्यप्पन एळवा समाजातले. नंबुद्री, नायर तर सोडाच, त्यांच्या स्वतःच्या जातीने त्यांना वाळीत टाकलं आणि ‘पुलयन अय्यप्पन’ म्हणून हिणवलं. ते नाव त्यांनी मानाने मिरवलं. आपल्या ओबीसी भावांनी हे नाव लक्षात ठेवावं. आपल्यातल्या पोटजातींत कोण कुणाकडे चहा पितो याचा हिशेब ठेवणाऱ्या आपणही ते लक्षात ठेवावं.

चेर्तलाहून वेंबनाड तळ्याच्या पलीकडे वायकोम. तिथे 1924-25 मध्ये सत्याग्रह झाला तो देवळाभोवतीच्या रस्त्यावरून चालण्यासाठी. हो, नुसतं चालण्यासाठी. सत्याग्रहींसाठी पंजाबातून अकाली आले आणि त्यांनी लंगर सुरू केला. गांधीजींना तो पसंत पडला नाही. शेवटी कन्याकुमारीजवळ स्वामीतोप्पू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अय्या वैकुंडर यांनी तिथे सगळ्या जातींना एका विहिरीवर पाणी भरायला आणि एका पंगतीत बसायला लावलं. त्रावणकोरच्या राजवटीने त्यांना तुरुंगात टाकलं. पनवेल ते कन्याकुमारी हा रस्ता आपल्यासाठी मासळीच्या ताटांपेक्षा मोठा आहे. आज त्या रस्त्यावर आपण गाडी चालवतो, तिथे चालण्यासाठी आणि जेवण्यासाठी माणसांनी मार खाल्लाय.

आता जमिनीकडे येऊ. घरगुती निवास चालवायला नारळी-पोफळीची वाडी लागते, विहीर लागते, मोठं घर लागतं. कोकणात जमीन शतकानुशतकं खोतांच्या हातात होती. खोतांमध्ये ब्राह्मण बरेच, मराठे आणि मुसलमानही होते. कुळांकडून पिकाचा मोठा वाटा आणि वर वेठबिगार. अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून वर्षानुवर्षं जमीन न कसण्याचा संप केला, नारायण नागू पाटील यांनी तो चालवला. बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 ला मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं आणि जानेवारी 1938 मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. खोती कायद्याने गेली ती 1949 मध्ये. सगळ्या वाड्या खोतांच्या नव्हत्या हे खरं. पण पर्यटन आलं तेव्हा कुणाकडे वाडी होती आणि कुणाकडे गावकुसाबाहेरची दोन गुंठे जागा होती, हे त्या इतिहासानेच ठरवलं. त्यामुळे आज एकाची जात पाटीवर येते आणि दुसऱ्याच्या घरातली बाई त्याच वाडीत भांडी घासायला जाते. ‘चलो उडुपी’च्या घोषणेत अन्न आणि जमीन एकत्र होती ती याचसाठी.

एक आक्षेप आपल्याच माणसांकडून येतो. 1936 च्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात बाबासाहेबांनीच सांगितलंय ना, की सहभोजनाने जात जात नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह? मग जेवणाच्या पाट्यांवर शक्ती कशाला घालवायची? बाबासाहेबांचं म्हणणं बरोबरच आहे. एका पंगतीत बसून जात मरत नाही. मरत असती तर शहरांतल्या हॉटेलांनी ती कधीच मारली असती. पण त्यांनी सहभोजन अपुरं म्हटलं, वेगळ्या पंगतीला माफी दिली नाही. राज्यघटनेच्या कलम 15(2) मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तळी, रस्ते यांची नावं घेऊन उल्लेख आहे. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम 4 मध्ये हॉटेलातल्या भांड्यांचासुद्धा उल्लेख आहे, म्हणजे वेगळा कप ठेवणं हा गुन्हा आहे. ज्यांनी हे लिहिलं त्यांना जेवणाची जागा किरकोळ वाटत नव्हती.

मग जेवायचं कुठे? जिथे आडनाव न विचारता ताट वाढलं जातं तिथे. कोळणींच्या, गाबित-खारवी बायकांच्या खानावळीत. कोकणी मुसलमानांच्या छोट्या हॉटेलात. महाराष्ट्रात 2020 मध्ये 10 रुपयांत सुरू झालेल्या शिवभोजन थाळीच्या केंद्रावर, केरळात कुडुंबश्रीच्या बायकांनी चालवलेल्या जनकीय हॉटेलात. तिथे बसलेलं गिऱ्हाईक बघा, हमाल, रिक्षावाला, विद्यार्थी, आणि पाटीवर जात नाही. आपल्या माणसाचं हॉटेल सापडलं तर तिथे दोन ताटं जास्त घ्या आणि चांगलं वाटलं तर चार ठिकाणी लिहा. फोनवर आडनाव विचारलं तर ‘त्याचा जेवणाशी काय संबंध?’ असं शांतपणे विचारा. पाटी दिसली तर गल्ल्यावरच्या माणसाला विचारा, ‘ब्राह्मणी म्हणजे नेमकं काय वेगळं घालता?’ भांडायची गरज नाही. उत्तर देताना तो अडखळतो, तेवढं पुरतं. आणि वेगळा कप पुढे आला तर मात्र फोटो काढा, तारीख लिहा, पोलीस ठाण्यात जा. शिकलोय ते यासाठीही.

आपल्या स्वयंपाकघराबद्दल लिहा. शाहू पाटोळे यांनी 2015 मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीची नोंद केली. ऊर्मिला पवारांनी ‘आयदान’मधून कोकणातल्या आपल्या बायकांचं जगणं लिहिलं. किनाऱ्यावरच्या आपल्या घरांत काय शिजायचं, याची अशी सविस्तर नोंद अजून कमी आहे. तुमची आई, आजी हयात असेल तर आधी तिला विचारून घ्या.

आणि पुढच्या वेळी गाडीची मागची सीट मित्रांऐवजी आईबापांना द्या. महाडला तळ्यावर थांबा, मग एखाद्या चांगल्या खानावळीत टेबलाशी बसवून त्यांना हवं ते मागवू द्या. भाकरी बांधून घ्यायची असेल तर जरूर घ्या, ती आवडते म्हणून. पाणी कुणी देणार नाही या भीतीने ती बांधायचे दिवस संपवणं, हे आपल्या पिढीचं काम आहे.

जय भीम.